पोहायला कधी घालू, कुठे घालू? छोट्यांच्या आईबाबांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या वेळी पत्रं आणि मेसेज जवळपास सगळे एकाच विषयावर आलेत, पाच-सहा वर्षांखालच्या मुलांचा पोहण्याचा क्लास. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि लांबलचक पत्रांना कात्री लावलीय, राग मानू नका.

प्रश्न: ताई, माझी मुलगी दहा महिन्यांची आहे. फोनवर सारखे व्हिडिओ येतात, एवढीशी बाळं पाण्यात पडतात आणि आपोआप उताणी होऊन तरंगतात. मैत्रिणीने तिच्या बाळाला सहाव्या महिन्यातच क्लासला घातलं. मी उशीर करतेय का?

अजिबात नाही गं. वर्षाच्या आत क्लास लावल्याने बाळ बुडण्याचा धोका कमी होतो, याला पुरावाच नाहीये. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स म्हणजे तिकडच्या बालरोगतज्ज्ञांची मोठी संघटना, त्यांनी २०१९ मध्ये पालकांसाठी जे सांगितलं त्यातही हेच होतं, की वर्ष पूर्ण झाल्यावर बऱ्याच मुलांना क्लासचा उपयोग होऊ शकतो, चार वर्षांच्या आसपास बहुतेकांची तयारी झालेली असते आणि वर्षाच्या आत जायचंच असेल तर आईबाबांच्या कडेवर पाण्यात खेळायला म्हणून जा. आणि व्हिडिओचं म्हणशील तर अगदी लहान बाळं पाण्याखाली गेली की श्वास धरतात, हातपाय हलवतात, हा जन्मजात रिफ्लेक्स असतो, पहिल्या काही महिन्यांनंतर तो ओसरत जातो, त्याला पोहणं म्हणत नाहीत. कॅमेऱ्याबाहेर किती वेळा रडारड झाली ते व्हिडिओत दिसत नाही, तो भाग वेगळाच.

मजा म्हणून जाणार असशील तर दोन गोष्टी बघ. पाणी किती गरम आहे ते विचार, कारण मोठी माणसं जिथे लांबी मारतात तो पूल साधारण २५ ते २८ डिग्रीचा असतो, तो एवढ्या बाळाला थंडच पडतो, तीन वर्षांखालच्या मुलांना तिशीच्या वरचं, ३२ च्या आसपासचं पाणी हवं. ओठ निळसर दिसायला लागले की क्लास संपायची वाट न बघता टॉवेलात गुंडाळून बाहेर. आणि बाळाचं डोकं पुन्हापुन्हा पाण्याखाली नेऊ देऊ नकोस, बाळं पाणी गिळतात आणि पोटात खूपच पाणी गेलं तर रक्तातलं सोडियम खाली येऊन फिटसुद्धा येऊ शकते. कोणी सर किंवा मॅडम "काही होत नाही, सवय होते" म्हणाले तरी नाही म्हणायचं.

प्रश्न: मुलगा अडीच वर्षांचा, धाकटा. मोठीला घातलं तेव्हा जो क्लास जवळ होता तिथे घातलं, पण आता तीन-तीन पर्याय आहेत आणि तिघांची माहितीपत्रकं सारखीच, सगळीकडे हसरी मुलं आणि रंगीत फ्लोट. निवडायचं कशावरून?

माहितीपत्रक बाजूला ठेव आणि तिन्हीकडे जाऊन एकेक बॅच पूर्ण बघ, मुलाला न घेता. बघू देत नाहीत असं म्हणाले तर पर्याय दोनच उरले, सोपं झालं. काठावर पालक नको, मुलं विचलित होतात हे मला पटतं, पण मग काचेतून, गॅलरीतून, लांबून, कुठूनतरी दिसलं पाहिजे.

बघायला बसलीस की आधी कोचची पाठ कुठे आहे ते बघ. समज चार मुलं काठ धरून रांगेत आहेत आणि कोच त्यातल्या एकाला घेऊन आत जातोय. चांगला कोच उलट्या पावलांनी मागे मागे चालतो, मूल त्याच्याकडे तोंड करून किक मारत येतं आणि त्याच्या खांद्यावरून कोचला काठावरची तिघं दिसत असतात. परत येताना तो मुलाला पुढे घालून मागून ढकलत आणतो, म्हणजे पुन्हा तोंड काठाकडेच. यात कसलं कौशल्य असं वाटेल, पण ज्याच्या अंगात हे भिनलंय तो बाकी गोष्टीही नीट करतो असा माझा अनुभव आहे. याउलट एकाला शिकवताना बाकीच्यांकडे पाठ, मधेच काठावरच्या कोणाशी गप्पा, आणि तेवढ्यात एखाद्याचा हात काठावरून सुटतोय, हे एकदा जरी दिसलं तरी तिथून उठ.

मग मुलं मोज. अर्ध्या तासाच्या बॅचला एका कोचकडे आठ मुलं असतील आणि तो एकेकाला घेत असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला चार मिनिटंसुद्धा येत नाहीत, उरलेला वेळ पोरं काठाला लटकून गारठतात आणि कंटाळून एकमेकांच्या डोळ्यात पाणी उडवतात. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना एका कोचमागे चार, त्याच्या वर नको. तुझा अडीच वर्षांचा आहे, त्याच्यासाठी तर आई किंवा बाबा सोबत पाण्यात उतरतात असाच क्लास बघ, म्हणजे प्रत्येक मुलामागे एक मोठा माणूस आणि कोच सगळ्यांना दाखवत फिरतो. तुला स्वतःला पोहता येत नसलं तरी चालतं, छातीएवढ्याच पाण्यात उभं राहायचं असतं.

शिकवण्याच्या कोचशिवाय नुसतं बघायला वेगळा लाईफगार्ड आहे का? आणि तो खरंच बघतोय का? कोच पाण्यात एका मुलात गुंतलेला असतो, त्यालाच लाईफगार्ड समजणं म्हणजे एका माणसाकडून दोन कामं. कोचला सीपीआर, म्हणजे श्वास थांबलेल्याला छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन वाचवायचं तंत्र, येतो का, नेहमीचा कोच सुट्टीवर असला तर कोण येतो, हे सरळ तोंडावर विचार, लाजू नकोस. चिडले तर तेही एक उत्तरच आहे.

पाणी बघायचं म्हणजे सगळ्यात खोल भागात तळाशी जी जाळी असते ती काठावरून स्पष्ट दिसली पाहिजे. पाणी गढूळ असेल आणि जाळी दिसत नसेल तर तिथे तळाला गेलेलं मूलही दिसणार नाही. जाळी तुटलेली किंवा सैल असेल तर त्या पुलात कोणीच उतरू नये, मोठ्यांनीही नाही, पंपाच्या ओढीने केस किंवा हात अडकू शकतो. आणि बऱ्याच जणांचा समज असतो की क्लोरीनचा भपकारा आला म्हणजे पूल स्वच्छ. असं नाहीये. तो वास येतो क्लोरामाइनचा, म्हणजे घाम, लघवी आणि अंगावरचा मळ यांच्याशी क्लोरीनचा संबंध आला की जे तयार होतं त्याचा. नीट ठेवलेल्या पुलाला वास जेमतेम येतो. डोळे चुरचुरवणारा वास आणि त्यात बंद हॉल असेल तर दम्याच्या मुलाला तिथे नेऊच नको.

शेवटचं म्हणजे शिकवतात काय ते. मूल पाण्यात उतरल्यावर पहिल्या काही आठवड्यांत त्याला वळून काठ धरायला, काठ धरून खेकड्यासारखं सरकत पायऱ्यांपर्यंत जायला आणि स्वतः बाहेर चढायला शिकवत असतील तर तो क्लास घे. फ्रीस्टाईलचे हात अडीच वर्षाच्या पोराला शिकवणारा क्लास फोटोसाठी छान असतो.

प्रश्न: नातू चार वर्षांचा आहे, पुलावर नेलं की रडून गोंधळ घालतो. आमच्या वेळी वडीलधाऱ्यांनी उचलून खोल पाण्यात टाकलं, दोन गटांगळ्या खाल्ल्या आणि शिकलो. सूनबाई म्हणतात हळूहळू घ्या. या लाडाने मुलगा शिकणार कधी?

आजोबा, तुम्ही शिकलात याचा आनंदच आहे, पण तुमच्याबरोबर टाकलेल्या ज्या मुलांनी पाण्याचा धसका घेतला आणि नंतर आयुष्यभर गुडघाभर पाण्याच्या पुढे गेली नाहीत ती हा किस्सा रंगवून सांगत नाहीत एवढंच. सूनबाईंचं बरोबर आहे.

रडण्याचेही प्रकार असतात हं. आई काठावरून दिसतेय तोवर रडायचं आणि ती आड गेली की बबल्स काढायला लागायचं, हे रडणं दोन-चार वेळात जातं. पण अंग ताठ, श्वास अडकलेला, कोचच्या मानेला घट्ट मिठी, नखं रुतलेली, क्लासच्या दिवशी सकाळपासून पोटात दुखतंय, ही खरी भीती. ती जबरदस्तीने मोडत नाही, उलट घट्ट होते, आणि घाबरलेलं मूल श्वास सोडत नाही, शरीर आखडून घेतं, मग तरंगणार कसं?

तुमच्या हातात एक काम आहे आणि ते आजोबांनाच जास्त चांगलं जमतं. घरी आंघोळीच्या वेळी मग घेऊन पाणी आधी खांद्यावर, मग मानेवर, मग डोक्याच्या मागून आणि काही दिवसांनी कपाळावरून चेहऱ्यावर येऊ द्या, प्रत्येक वेळी आधी "एक, दोन, तीन" म्हणा आणि तीनला फुंकर मारायला सांगा. डोळे पुसायला लगेच टॉवेल देऊ नका, स्वतःच हाताने निपटायला शिकू दे. चेहऱ्यावरून पाणी ओघळलं तरी आपण श्वास घेऊ शकतो हे मुलाला कळलं की निम्मी लढाई संपते. मग पुलावर जाऊन पहिले दोन दिवस नुसतं पायरीवर बसायचं, पाय हलवायचे, घरी यायचं. कोच याला वेळ देत नसेल तर कोच बदला.

प्रश्न: एक क्लास "सेल्फ रेस्क्यू" शिकवतो, काही आठवड्यांत मूल बुडणार नाही अशी गॅरंटी देतात. मुलगी दोन वर्षांची आहे. आम्ही गेलो तेव्हा मुलं जोरजोरात रडत होती पण तरंगत होती हेही खरं. बाबा म्हणून मी गोंधळलोय.

गॅरंटी हा शब्द ऐकलात तिथेच तुमचा गोंधळ संपायला हवा होता. पोहण्यात गॅरंटी देणारा माणूस एकतर अडाणी असतो नाहीतर विक्रेता. चांगलं पोहणारी मोठी माणसंसुद्धा बुडतात.

उताणं होऊन तरंगायला शिकणं हे उत्तम कौशल्य आहे, मी स्वतः सगळ्यात आधी तेच घेते, पण ते रडवल्याशिवायही शिकवता येतं, थोडा वेळ जास्त लागतो. मुलाचं डोकं कोचच्या खांद्यावर, कान पाण्यात, नजर वर छताकडे, आणि कोचचा हात पाठीखालून हळूहळू कमी होत जातो, आधी तळवा, मग दोन बोटं. क्लासचा फायदा होतो हे नक्की, २००९ मधल्या एका अमेरिकन अभ्यासात एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये रीतसर क्लास आणि बुडण्याचा धोका ८८ टक्के कमी असणं यांचा संबंध दिसला होता, आणि हा आकडा जाहिरातींत फार वापरतात. पण अभ्यास छोटा होता, खरा फायदा त्याहून बराच कमी असू शकतो, आणि तो कुठल्या एका पद्धतीचा किंवा गॅरंटीचा पुरावा नव्हता. शिवाय १२ टक्के उरतातच की.

प्रश्न: दंडाला लावायचे हवेचे फुगे वापरावेत का? क्लासमध्ये नको म्हणतात, पण सुट्टीत पुलावर गेलो की मुलगी तेच मागते.

नकोत. फुगे लावलेलं मूल पाण्यात उभं राहतं, हात दोन्ही बाजूंना वर आणि पाय खाली सायकल मारत, आणि शरीराला तीच सवय लागते. तरंगायला तर आडवं व्हावं लागतं, म्हणजे क्लासमध्ये शिकलेलं सुट्टीत पुसलं जातं. त्याहून वाईट म्हणजे मुलाला वाटतं पाणी आपल्याला धरतं. मग फुगे काढून ठेवलेत, तुम्ही टॉवेल शोधताय आणि ते पुन्हा पाण्याकडे पळत सुटलं. हवा गेली किंवा दंडावरून सटकले तर काय हे वेगळंच. बोटीत, नदीवर, समुद्रात जाणार असाल तर मापाचं, बकल लावलेलं खरं लाइफजॅकेट घाला, पुलात मात्र तुमचा हात पुरेसा आहे.

काही छोटे छोटे प्रश्न, झटपट

*स्विम डायपर घातला की झालं ना?* नाही, तो शी थोडा वेळ अडवतो, जंतू नाही अडवत. दर अर्ध्या-पाऊण तासाने बघायचा आणि पुलापासून लांब जाऊन बदलायचा.

*जुलाब होऊन दोन दिवसांत थांबले, क्लासला पाठवू?* लगेच नको. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी क्लोरीनच्या पाण्यातही सात दिवसांहून जास्त तग धरतो, डॉक्टरांनी तोच असल्याचं सांगितलं तर जुलाब थांबल्यावर पुढे दोन आठवडे पुलाला सुट्टी.

*कान दुखतो क्लासनंतर.* कानाची पाळी ओढली किंवा हलवली की जास्त दुखत असेल तर बाहेरच्या नळीचं इन्फेक्शन असू शकतं, डॉक्टरांना दाखवा. कानात कापूस, काडी, तेल काही घालू नका, डोकं एका बाजूला झुकवून पाणी निथळू द्या.

*कॉस्च्युम कुठला घेऊ?* फॅशन सोडा, रंग बघा. निळा, पांढरा, राखाडी पाण्याखाली दिसेनासा होतो, भडक केशरी किंवा गुलाबी निऑन लांबून दिसतो.

*मुलाला फिट्स येतात, पोहायला पाठवायचं का?* फिट्स किती आटोक्यात आहेत त्यावर तुमच्या न्यूरोलॉजिस्टशी बोलून ठरवा. ते हो म्हणाले तर एकास एक कोच आणि त्याला पहिल्याच दिवशी सगळं सांगायचं, फिट आली तर चेहरा पाण्यावर धरून बाहेर कसं काढायचं हेसुद्धा. ग्रुप बॅच नको. आणि घरी बाथटबमध्ये एकट्याला सोडायचं नाही, हे क्लासपेक्षा महत्त्वाचं.

प्रश्न: मुलगी साडेपाच वर्षांची, वर्षभर क्लास चाललाय. अजून फळी धरून किकच मारतेय आणि शेजारच्या मुलाने तेवढ्याच वेळात फ्रीस्टाईल आणि बॅकस्ट्रोक शिकून सर्टिफिकेट आणलं. क्लास बदलू का?

सर्टिफिकेट जरा बाजूला ठेवूया आणि एक परीक्षा घेऊया, कोचला सांगून, कोच पाण्यात असताना. फळी, गॉगल्स काही नको. मुलीने डोक्यापेक्षा खोल पाण्यात उडी मारायची, वर यायचं, एक मिनिट तरंगायचं किंवा जागच्या जागी हातपाय मारत राहायचं, गर्रकन पूर्ण वळून बाहेर पडायची जागा शोधायची, मग साधारण पंचवीस मीटर कसंही, कुठल्याही स्ट्रोकने जायचं आणि शिडी न वापरता बाहेर निघायचं. अमेरिकन रेडक्रॉस पाण्यातल्या सक्षमतेसाठी जे टप्पे सांगते ते जवळपास हेच. साडेपाच वर्षांच्या मुलीकडून सगळं जमायची अपेक्षा नाही, पण यातलं किती जमतंय आणि तीन महिन्यांपूर्वी किती जमत होतं, हे कोचला सांगता आलं पाहिजे. ती न घाबरता वर येते, उताणी होऊन श्वास घेते, काठाकडे वळते असं असेल तर बेस्ट चाललंय, स्ट्रोक पुढे पटापट येतात, हातापायांचा मेळ या वयात हळूहळूच बसतो. यातलं काहीच नाही आणि वर्षभर फक्त फळी, तर हो, बदला. फळी ही मदत आहे, ती मधूनमधून काढून घ्यायची असते, वर्षभर तिला धरून ठेवलं तर फळीच पोहते.

शेजारच्या मुलाचीही हीच परीक्षा घेऊन बघायला सांगा त्याच्या आईला. गंमत म्हणून.

प्रश्न: ग्रुपवर मेसेज आला की पोहून आल्यावर दोन-तीन दिवसांनी मूल झोपेत "ड्राय ड्राउनिंग"ने जातं. तेव्हापासून ठसका लागला तरी छातीत धस्स होतं.

तो मेसेज पुढे पाठवू नकोस. "ड्राय ड्राउनिंग" असं निदान डॉक्टर आता करत नाहीत, २००२ पासून तज्ज्ञ हा शब्दच टाळा म्हणतायत. ठणठणीत असलेलं, खेळणारं, जेवणारं मूल दोन-तीन दिवसांनी अचानक त्या पाण्याने जात नाही. खरं लक्षात ठेवण्यासारखं एवढंच, की मूल पाण्याखाली गेलं होतं, ओढून काढावं लागलं, आणि नंतर खोकला थांबत नाहीये, श्वास जोरात चाललाय, फेस येतोय, विचित्र गुंगी आहे किंवा उलट्या होतायत, तर लगेच हॉस्पिटल. ही लक्षणं पहिल्या काही तासांतच दिसतात. नाकात पाणी जाऊन एकदोनदा ठसका लागला आणि पुन्हा उड्या सुरू झाल्या, तर तू चहा घे.

प्रश्न: मुलगा आता सहाचा होईल, मस्त पोहतो. सुट्टीत पुलावर गेलो तर मी काठावर लॅपटॉप घेऊन बसलो तर चालेल ना? लाईफगार्ड असतो तिथे.

नाही चालणार. पाण्यात अडचणीत आलेलं मूल सिनेमातल्यासारखं हात हलवून ओरडत नाही, त्याला ओरडायला श्वासच नसतो. तोंड पाण्याच्या पातळीला वरखाली होतं, हात बाजूंना पाणी दाबत राहतात, डोकं मागे कललेलं, आणि हे विसेक सेकंदांपासून फार तर मिनिटभर. एक ईमेल वाचून होईपर्यंत. शेजारी बसलेल्या माणसाला वाटतं मूल खेळतंय.

पोहता न येणारं किंवा नुकतं शिकणारं मूल असेल तर तुम्ही पाण्यात, हाताच्या अंतरावर. तुमच्या मुलासारखा पोहणारा असेल तर काठावर बसा, पण डोळे त्याच्यावर. दोन-तीन कुटुंबं मिळून गेलात की सगळ्यात जास्त काळजी घ्या, कारण तेव्हा प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. पंधरा पंधरा मिनिटांच्या पाळ्या लावा, ज्याची पाळी त्याचा फोन दुसऱ्याच्या खिशात, आणि पाळी बदलताना तोंडाने म्हणायचं, "आता तू बघतोयस." समोरचा "हो" म्हणेपर्यंत उठायचं नाही.